ऐंशीवर बहात्तर

बाल्दोमेरो किलाकेओ इंजिनाशी बोलत नाही,
माझ्याशी त्याहून कमी.
ऑक्टोबरात येतो, जुन्या पिकअपमधून,
येर्बाचा कडू चहा संपेस्तोवर शेडच्या दाराशी बसतो
नि मग विमानाचं एकेक झाकण काढून
गोणपाटावर मांडतो, जेवणाआधी ताटं मांडावीत तसं.

हे विमान आयवरने घेतलं, लोकरीला भाव आला त्या साली.
दोन जागा, कापडी पंख, शेपटीखाली छोटं चाक.
म्हणाला, एलुनेद, गावाला रस्त्याने सहा तास,
वरून चाळीस मिनिटं.
त्या चाळीस मिनिटांचा हिशेब त्याने कधी पुरा सांगितला नाही.
उडण्याच्या एका तासामागे
पुसण्याचे, आवळण्याचे, वाट बघण्याचे किती,
ते मी त्याच्यामागे शिकले.

पहाटे टाकीच्या बुडातून घोटभर पेट्रोल काचेत धरायचं,
उजेडाकडे करायचं. निळं असावं, स्वच्छ निळं.
एकदा तळाशी पाण्याचा मणी दिसला होता,
लबाडाच्या डोळ्यासारखा, हलवला की सरकणारा.
कापडावरून तळवा फिरवायचा. बिजागऱ्या हलवायच्या.
उंदरांनी पंखात संसार थाटलाय का, ते नाकाने ओळखायचं.
आणि वारा.
इथे वारा पाहुणा नाही, घरमालक आहे;
दुपारी बारानंतर मी त्याच्याशी वाद घालत नाही.

त्या ऑक्टोबरात सिलिंडरांचा दाब मोजला:
ऐंशीवर बहात्तर, चौऱ्याहत्तर, बहात्तर, सत्तर.
"बरं आहे की," मी म्हटलं. आवाजही गोड होता.
दुसऱ्या दिवशी शेजारच्या आयदेला डॉक्टरकडे न्यायचं कबूल केलं होतं.
बाल्दोमेरो गप्प. तेलाचा फिल्टर कापला,
आतला घडीचा कागद उलगडून खिडकीशी नेला.
घडीघडीत चमक,
कार्निव्हलहून परतलेल्या पोरीच्या केसांत उरते तेवढी.
त्याने लोहचुंबक फिरवलं. चमक उठली नि चिकटली.
पेनाला टोपण लावलं, लॉगबुक मिटलं.
"सही नाही."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.
आयवरचं नावही मध्ये ओढलं, तो असता तर म्हणून.
"तो असता तरी," बाल्दोमेरो म्हणाला, हात पुसत.

आयदेला गाडीने नेलं. सहा तास, खड्डे मोजत.
नऊ दिवस मी त्याला फोन केला नाही.
दहाव्या दिवशी त्याने इंजिन उघडून बोलावलं
नि माझं बोट धरून कॅमशाफ्टवर ठेवलं.
जिथे उंचवटा गुळगुळीत हवा तिथे
कुत्र्याने चघळलेल्या हाडाची खरखर.
कानाला एवढे दिवस पत्ता नव्हता.

अकरा मेंढे विकले. इंजिन ट्रकवर चढून
मोरोनला गेलं, पार राजधानीच्या शेजारी,
माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही प्रवासाहून लांब.
उन्हाळाभर विमान नाकाशिवाय उभं,
त्याच्या पोटाखाली कोंबड्या सावलीला.
तरी मी रोज पहाटे फेरी मारायची, पंखाला हात लावत.
सवय मोडली की जुळत नाही,
एकाहत्तराव्या वर्षी तर नाहीच.

मार्चअखेर इंजिन आलं. पहिल्या उड्डाणाला कुठेच जायचं नव्हतं:
धावपट्टीवरच घिरट्या, तासभर, पूर्ण जोरात,
म्हणजे काही बिनसलंच तर जमीन पायाखाली.
खाली घर, शेड, पॉप्लरची रांग,
नि बाल्दोमेरो, कपाळावर आडवा हात धरून,
तासभर तसाच, शेजारी खुर्ची रिकामी.
दर फेरीला मी तेलाचा काटा बघितला, तापमान बघितलं,
आणि दर फेरीला त्याला.

उतरताना दोनदा उसळले. तो काही बोलला नाही.
सही केली, तारीख घातली, चहा मागितला.

ते चुंबक मी त्याच्याकडून मागून घेतलं.
आता फ्रिजच्या दारावर आहे, चमकीसकट;
त्याच्याखाली मोरोनचं बिल,
अजून अर्धं द्यायचंय.