एक इंचाची खिडकी

सत्तावीस वर्षं मी टॉवेल तपासले.
टेबलाखाली ट्यूब, टेबलावर कापड,
कापडावर हे पितळी, तिघडीचं भिंग.
त्याची खिडकी एक इंच बाय एक इंच,
तेवढ्यातून दिसायचं ते जग माझ्या पगाराचं.
उभे धागे मोजायचे, मग आडवे,
आणि तुटला असेल तिथं
निळ्या खडूनं फुली.

कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा
कुणी पंखा नेला, कुणी खुर्ची.
मी भिंग खिशात टाकलं.
कुणी विचारलंही नाही.

आज रविवार, मार्गशीर्षातला.
मल्लेशम येलदीच्या लुनाच्या कॅरिअरवर बसून
कुंभारी मागे टाकली,
डांबर संपलं, शाळू लागला,
शाळूही संपला आणि माळ आला.
पापडाच्या पुडीचं रबर काढून
भिंग बांधलं मोबाइलच्या डोळ्यावर.
मल्लेशम म्हणाला, "चष्म्याला चष्मा लावलास की लेका."

पोटावर पडलो.
या वयात पोटावर पडायला
आधी गुडघ्यांची परवानगी काढावी लागते.

पहिल्या फोटोत माझ्याच श्वासाची वाफ.
दुसऱ्यात कुसळ, तेही हललेलं
(नंतर ते मोज्यात सापडलं, स्थिर).
तिसऱ्यात दवाचा थेंब,
थेंबात शाळूचं रान उलटं,
आणि रानाच्या कडेला
डोक्यावर लुना घेऊन उभा मल्लेशम.
त्याला दाखवलं.
"चूडु, चूडु!" म्हणत स्वतःलाच बघत बसला,
हातातली कडक भाकरी तशीच.

मग विष्णुक्रांत.
नखाएवढं फूल, आणि रंग
अगदी माझ्या खडूचा.
जरा पुढे आणखी एक, दगडाआड तिसरं,
जसं कुणी माझ्या आधी येऊन
अख्खा माळ तपासून गेलंय
आणि जिथं जिथं काही तुटलं होतं
तिथं खूण ठेवून गेलंय.
मी बोटानं माती चाचपली.
दोष काही सापडला नाही.
गार होती, एवढंच.

तरवडाच्या दोन फांद्यांत जाळं.
जित्याची खोड: मोजायला लागलो.
इंचाला अकरा,
पुढच्या इंचाला नऊ,
खाली डावीकडे दोन धागे एकात गेलेले,
एक तर चक्क लोंबत होता.
माझ्या टेबलावर हा माल सेकंड.
कोळीण मधोमध, पाय ताणून,
माझ्याकडे पाठ करून.
तिच्यावर दव होतं, जाळ्यावर दव होतं,
लोंबत्या धाग्यावर तर सगळ्यात जास्त.

"एनरी अदु?"
मागे शेळ्या, शेळ्यांपुढे दहा वर्षांचा बिराप्पा.
माझं कन्नड बाजारापुरतं,
म्हणून रबर सोडलं, भिंगच दिलं हातात.
त्यानं कोळिणीकडे ढुंकूनही बघितलं नाही.
आधी स्वतःचा तळवा बघितला, भेगांसकट.
मग शेळीची मान काखेत धरून तिचा डोळा.
मग मला बोलावलं.
पिवळ्या गाभ्यात आडवी बाहुली,
आडव्या धाग्यासारखी सरळ,
आणि तिच्यात आम्ही तिघं, माळ,
वरचं सगळं आभाळ.
फोटो काढेपर्यंत शेळीनं रबर खाल्लं.

संध्याकाळी अंबुबाईनं विड्यांचं सूप बाजूला सारलं,
तंबाखूचे हात पदराला पुसले.
एकेचाळीस फोटो. अडतीस वाया.
"आणि हा?"
विष्णुक्रांत होतं, परतताना काढलेलं,
भिंग नुसतं हातानं धरून.
निळ्या पाकळ्यांवर पांढुरक्या रेघा,
गोल गोल, एकात एक.
"धुकं आहे का जाळं?"
मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.
बिराप्पाचा अंगठा होता. भिंगावर उमटलेला.

भिंग पुसायला फडकं घेतलं,
आमच्याच कारखान्याचा तुकडा, कोपऱ्यात निळी फुली.
अंबुबाई म्हणाली, थांबा,
आणि मोबाइल दिव्याखाली नेऊन
विड्या मोजते तशी
ओठांतल्या ओठांत
त्या रेघा मोजू लागली.