नऊ गाणी, एक गिटार

गुरुवारी माग बंद असतात आमच्या गल्लीत,
म्हणून रेकॉर्डिंग गुरुवारी.
साखर पेठेतल्या माझ्या खोलीत,
जिथं एरवी मी वाढदिवसाच्या जाहिराती भरून देतो
आणि गड्ड्यातल्या पाळणेवाल्यांच्या आरोळ्या,
राजेशम चिट्याल आले. वय बहात्तर.
गिटार चादरीत गुंडाळलेली,
चादर मोराची, एका टोकाला जळलेली.

"काय बे, पंखा बंद कर की."
मे महिना. त्रेचाळीस डिग्री.
बंद केला.

ही गिटार रेल्वे कॉलनीतल्या मॅथ्यूज ड्रायव्हरनं
निवृत्त होताना त्यांना विकली, नव्वद रुपयांना,
आणि वर एक रेकॉर्ड फुकट.
वाजवायला यंत्र नव्हतं.
स्टेशनसमोरचा हॉटेलवाला
दोन चहा सांगितले तरच सुई टेकवायचा.
"ब्लूज शिकायला मला साडेतीनशे चहा लागले."
गाणारा कोण, कुठला, काय म्हणतोय, काही कळायचं नाही.
रात्रपाळीहून सुटलाय, एवढं कळायचं,
आणि पगारातून काहीतरी कापलंय.

बोटात घालतात ती नळी
मिलच्या शेवटच्या दिवशी खिशात टाकलेली कांडी,
कापून, घासून गुळगुळीत केलेली.
तारेवरून ती सरकते तेव्हा
गंधार कोमल राहत नाही, शुद्धही होत नाही,
मधेच थबकतो,
किराणावाला दिसल्यावर
गल्लीच्या तोंडाशी थबकतात तसा.

बारा पट्ट्यांचा हिशेब मला समजावला त्यांनी:
चार घरच्या,
दोन शेजारच्या, दोन परत घरच्या,
मग एक लांबची, एक शेजारची,
आणि शेवटच्या दोन घरी येऊन गप्प बसायच्या.
"चुकलं तर उसवावं लागत नाही,
मागापेक्षा एवढंच बरं."

तिसरं गाणं नरसव्वाचं.
हजार विड्या वळल्या, ऐंशी छाटात गेल्या,
अर्धे शब्द तेलुगू, अर्धे मराठी,
पुढं नुसता हुंकार.
मधे नखानं लाकूड खरवडतात,
पानावर कात्री चालते तसं.
मी काचेपलीकडून हात वर केला, आवाज येतोय म्हणून.
त्यांनी बघितलंच नाही.

रात्री मी सगळं साफ केलं.
खोकला काढला, खुर्चीची करकर काढली.
सातव्या गाण्यात दर कडव्यानंतर
चार मात्रा रिकाम्या होत्या.
वाटलं, म्हातारा विसरला.
कापून जोडल्या. गाणं कसं घट्ट झालं,
मला अभिमानही वाटला थोडा.

पुढच्या गुरुवारी ऐकवलं.
एकाच कानानं ऐकतात, दुसरा सांचाखात्यातच गेला.
सातवं संपलं. परत लाव म्हणाले.
परत लावलं.
"इथं याकूब होता ना बे."
कोण याकूब?
"ढोल वाजवायचा. चार मात्रा त्याच्या.
दुसऱ्या कडव्यानंतर मोझेसच्या, माऊथ ऑर्गन."
आता कुठं असतात?
"एक भिवंडीला गेला, पत्ता नाही.
एकाचं कार्ड आलं, कोपरा फाडलेलं."
चादरीचा मोर ते बोटानं सरळ करत राहिले.
"गेला तो आपणहून गेला.
तू कशाला बाहेर काढतोस त्याला?"

परत घातल्या.
कान देऊन ऐकलं तर त्या रिकाम्या नाहीत:
चपलेचा अंगठा फरशीवर पडतोय,
श्वास आहे,
आणि लांब कुठंतरी, गुरुवार असून,
कुणीतरी चोरून माग चालवतोय.
तोही ठेवला.

तीस पेनड्राइव्ह भरले. अकरा खपले.
एक पोरगा परत घेऊन आला,
म्हणाला, सातव्यात बिघाड आहे.
मी बदलून दिला. दुसऱ्यातही तेच निघणार होतं.

पैशांचं विचारलं तर राजेशमनी दोन टॉवेल ठेवले
आणि शेंगाचटणीची पुडी.
गिटार गुंडाळली.
"पंखा लाव आता."
जिना उतरताना चौथ्या पायरीवर थांबले,
चार मोजता येतील एवढं.
दम लागला होता की काय,
मी वरून विचारलं नाही.