उरलेले आठ

ट्रेहार्न टेरेस, घर नंबर एकोणीस. वेल्समधली दरी,
दुपारी तीनलाच दिवे लागलेले.
मिसेस प्रॉथेरो चष्मा कपाळावर सरकवून
खोक्यावरचं लेबल वाचतात,
औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं.

हिरव्यापासून लालपर्यंत उतरत गेलेल्या पट्ट्या.
"हा 'ए' सगळ्यात चांगला ना?
मग त्याचीच पट्टी एवढी आखूड का?"

सत्तावीस वर्षं बॉयलर बसवतोय,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
"खातो कमी, म्हणून," मी म्हणालो.
खरं तर तेव्हाच सुचलं.

शंभर पेन्सचा गॅस जाळलात,
तर हा ब्याण्णव खोल्यांत आणून ठेवेल.
"आणि आठ?"
आठ बाहेर. भिंतीतल्या नळीतून, वाफेबरोबर.
"आणि आमचा जुना?"

मी घुटमळलो.
निघालेल्या पाहुण्याबद्दल त्याच्यासमोर काय बोलायचं?
सदुसष्ट. तेही फार तर.

त्यांनी ओठांतल्या ओठांत वजाबाकी केली.
तेहतीस. गुणिले एकतीस हिवाळे.
"एवढं आभाळाला दिलं होय आम्ही!"

मग कपाटाचं दार उघडून जुन्याच्या डोक्यावर हात ठेवला.
तिथं मांजराचे केस होते, राखाडी,
आणि पिठाच्या वाडग्याची गोल खूण.
"सगळं नव्हतं हो गेलं आभाळात.
इथं पाव फुगायचा.
एमलिन रात्रपाळीहून आला की मोजे इथं टाकायचा.
आणि ही टेगन, तिला दुसरं अंथरूणच ठाऊक नाही."

माझ्या कोष्टकात याला ओळ नाही.

नवा भिंतीवर चढला. पांढरा, निमूट.
त्यांनी पाठीला हात लावून पाहिला:
"गार आहे. बंद पडला की काय?"
नाही बाई, चालू आहे.
हा अंगाबाहेर काही सांडू देत नाही, इतकंच.

कारखान्यातून पंचाहत्तरवर लावून येतो, मी पंचावन्नवर आणला.
परतीचं पाणी थंडसर आलं
तरच वाफेचं आत पाणी होतं,
आणि जाता जाता ती आपली ऊब ठेवून जाते.
नाहीतर 'ए' हे अक्षर खोक्यावरच राहतं,
आणि खोकं मी आत्ता घेऊन जाणार.

"रेडिएटर आता चटका देणार नाहीत," मी बजावलं.
"कोमट राहतील. पण दिवसभर."

"म्हणजे शेवटच्या वर्षांतल्या एमलिनसारखे," त्या म्हणाल्या,
आणि केटल लावायला वळल्या.

व्हॅनमध्ये बसून फॉर्म भरला.
नळीतून आठ पेन्स निघाले होते,
छपराच्या वर जाईपर्यंत दिसले.
शेवटचा रकाना:
कार्यक्षमता ग्राहकास समजावून सांगितली?
मी 'होय'वर खूण केली.

मागच्या खिडकीत टेगन बसली होती.
कपाटाकडे पाठ करून,
माझ्याकडे बघत.
पेन उघडंच राहिलं बराच वेळ.