अठरा किलो

मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी दहाला,
कुहमोच्या जुन्या अग्निशमन केंद्रात
आम्ही नऊ जण खुर्चीवरून उठतो आणि बसतो.
बाहेर धड उजाडलेलंही नसतं.
ओत्सो, वय सव्वीस, छातीवर हात बांधून म्हणतो,
हात टेकायचे नाहीत.

त्याला काय जातंय सांगायला.
मी एकतीस वर्षं या रस्त्यांवर बर्फाचा नांगर चालवला,
वस्तीवस्तीचं दार मोकळं केलं,
आणि आता डावा मोजा चढवता चढवता कॉफी निवते.
पहिल्या दिवशी तिसऱ्या उठण्याला मांड्या थरथरल्या
नुकत्या जन्मलेल्या वासरासारख्या.
राउनी हसली.
मग तिच्याही थरथरल्या.

इथे कोणी कोणाला फार विचारत नाही, रीतच नाही ती.
पण ओत्सोने एकदा विचारलं,
तुम्हाला उचलायचंय काय?
राउनी म्हणाली, सौनाची बादली, भरलेली, एका हातात.
पेंटी म्हणाला, स्वतःला, बर्फावर आपटलो तर.
मी म्हणालो, काही नाही, बायकोने पाठवलंय.
हिल्काने खिशातून चिठ्ठी काढली,
जनावरांच्या डॉक्टरची, मागच्या वर्षीची.
अठरा किलो.

तेर्वा तिच्या कुत्र्याचं नाव. म्हणजे डांबर; रंगही तोच.
मागचे पाय गेलेले, गाडीत चढत नाही.
ती स्वतः त्र्याऐंशीची.
शेजाऱ्याला हाक मार की, पेंटी म्हणाला.
तिने पेंटीकडे असं पाहिलं
की तो मुकाट्याने वजनांकडे वळला.

सप्टेंबरात चार किलोचा, कडीचा लोखंडी गोळा.
ऑक्टोबरात आठ.
कमरेतून नाही, ओत्सो सांगायचा, पायांतून,
जमिनीला खाली ढकला.
हिल्का ढकलायची,
जसं काही जमिनीकडे तिचं जुनं येणं थकलं होतं.
बारा. खोकल्यामुळे परत आठ.
तिचा चष्मा नाकावर घसरायचा आणि दोन्ही हात गुंतलेले,
मग राउनी पुढे होऊन तो वर सरकवायची
न बोलता,
तोही व्यायामाचाच भाग असल्यासारखा.
चौदा. सोळा.
माझ्या मांड्या थरथरायच्या थांबल्या होत्या,
ते माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी तिने अठरा उचलले.
आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत.
पेंटीने थर्मासमधली कॉफी आधी तिला दिली.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही.
शुक्रवारी आली. कोट खुंटीला लावला,
कोटाला काळे केस.
उचलला, म्हणाली.
अंगणातून गाडीत, गाडीतून डॉक्टरच्या टेबलावर.
येताना रिकामीच आले.
मग जरा थांबून,
चौदाच भरला तो. झडला होता आजारात.
उचलेपर्यंत कळलंच नाही मला.
इतका हलका, की तोल माझाच गेला.

छताला दिव्याची नळी गुणगुणत होती.
दुःख जड असतं म्हणतात.
मला त्या दिवशी दिसले ते चार किलो,
तिच्या दंडांत शिल्लक राहिलेले,
कुठे ठेवावेत हे न कळून
हात अंगापासून जरा दूर धरून उभी होती ती,
ओले असल्यासारखे.

ओत्सो खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसला,
बांधलेलीच.

शेवटी हिल्काच म्हणाली,
वीसचा कुठे असतो?

कोपऱ्यात होता, धूळ खात, खिडकीखाली.
आणायला आम्ही तिघं उठलो, एकदम,
आणि खुर्चीला हात कोणीच टेकला नव्हता,
हे मला घरी जाताना, पुलावर, आठवलं.