डोळे उघडावेत

बाबांच्या दुकानात आरसा नव्हता.
क्रातूच्या बाजारामागे, ब्राझीलच्या त्या कोरड्या कोपऱ्यात,
एक लांब मेज, निळ्या रंगाची बरणी,
खारीच्या केसांचे तीन कुंचले
आणि भिंतीला टेकवून वाळत ठेवलेली माणसं.

जुवेनाल महिन्यातून एकदा यायचा,
आधी खेचरावरून, पुढे मोटारसायकलवरून,
बिस्किटांच्या डब्यात गावोगावचे फोटो घेऊन.
अंगठ्याएवढे, घामाने चिकटलेले, कडा उंदरांनी खाल्लेल्या.
प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने मागणी:
कोट घालावा.
कानात सोनं, खरं वाटेल असं.
नवरा शेजारी बसवावा. (नवरा साओ पावलोला गेला तो गेलाच.)
कोटाचे पैसे नसत. टायचे दोन क्रुझेरू, कर्णफुलांचे तीन,
लग्न लावायचे पाच:
वेगळ्या वर्षी, वेगळ्या उन्हात उभी राहिलेली दोघं
बाबा एकाच निळ्या आभाळाखाली आणत
आणि दोघांच्याही सावल्या पुसून टाकत.
म्हणत, भांडण नको.

मेलेल्या मुलांचा दर जुवेनाल परस्पर ठरवी.
त्या फोटोंत फुलं असत, पांढरा झगा असे,
मागे एकच ओळ: डोळे उघडावेत.
रंग कुणी लिहून देत नसे.
मग बाबा हाक मारत, ‘झुईला, ये, उजेडाकडे बघ.’
मी खिडकीशी उभी, पापणी लवू न देता,
तोंडात लाच म्हणून मिळालेला गुळाचा खडा.
मला वाटायचं, सगळ्याच बापांना
मुलीच्या डोळ्यांत इतका वेळ बघावं लागत असेल.

मी एकोणीस वर्षांची असताना जुवेनालने अंथरूण धरलं,
वाटपाला मी गेले.
एरोंदिनाबाईंच्या घरात, मातीच्या भिंतीवर,
पाण्याच्या रांजणाच्या वर, लंबगोल चौकटीतून
मीच माझ्याकडे बघत होते.
देउझदेची, वय आठ महिने.
बाई म्हणाल्या, ‘बापाचे डोळे. कुणीही सांगेल.’
बाप तिथेच उभा होता. त्याचे डोळे हिरवट,
एकात मोतीबिंदू धरू लागलेला.
जरा वेळ थांबून म्हणाला, ‘हो. माझेच.’
मी मान हलवली.
पुढच्या घरीही. त्याच्या पुढच्याही.
दिवस मावळेपर्यंत मी अकरा भिंतींवरून
अकरा चुली पेटताना पाहिल्या.

आता मेजावर संगणक आहे.
सुरकुती एका बोटाने जाते, नाक दोन बोटांनी नीट होतं,
निळी बरणी मी पेनं ठेवायला घेतली.
परवा एक पोरगी आली, कालच काढलेला फोटो दाखवून म्हणाली,
‘आहे तशीच ठेवा,
फक्त जरा माझ्यासारखी करा.’
मी केली. खूश झाली.
जाताना काचेच्या दारापाशी थबकली,
समोरून कुणी येत असल्यासारखी
बाजूला झाली.

बाबांचा एकच फोटो घरात आहे. स्वतःच सजवलेला.
कोट. टाय, तोही फुकट.
दोन्ही हात मांडीवर, दहा बोटं.
त्यांना नऊ होती.
एक उसाच्या चरकात गेलं, माझ्या जन्माआधी.
हे मला ठाऊक आहे.
पण कुठल्या हाताचं?
बहीण म्हणते डाव्या. म्हणते, बहुतेक.
भावाने उठून भिंतीवरचा फोटोच काढून दिला: ‘मोज की.’

रात्री मी डोळे मिटून खिडकीशी उभी राहते,
तोंडात गूळ धरते,
ते येतात, टर्पेंटाइनचा वास येतो,
दोन्ही हातांत माझा चेहरा घेऊन
उजेडाकडे वळवतात.
गालांवर एकेक बोट मोजत जाते मी, सावकाश,
घाई न करता, परत पहिल्यापासून.

दहा.