बाराशे मीटर

हाताला आधी कळतं, मग मला.
इराप्पानं तिला दुकानापुढं बांधली,
मी पुढचा उजवा उचलला, गुडघ्यांत धरला
आणि म्हणालो, ही वरातीची नव्हं रे.

खुराची कड झिजून झिजून पातळ,
खिळ्याचं भोक दुसऱ्या भोकात फाटलेलं.
नाल अल्युमिनियमची, पापडासारखी हलकी.
माझा बाप असता तर हसला असता :
पायात घालायची का नाकात?

नळीवर ठिपक्यांच्या दोन ओळी,
तापल्या सळईच्या. तिथं केस परत आलेले नाहीत.
शीर दुखावली की असं डागतात,
पुढच्या मोसमाला जनावर उभं राहावं म्हणून.
मी बोटानं मोजले. बावीस.
मोजेपर्यंत ती हलली नाही.
माणसानं पाय धरला की हलायचं नाही,
एवढं तिला पक्कं शिकवलेलं.

इराप्पाच्या पिशवीत कागद होते, इंग्रजी.
माझ्या तस्लीमनं वाचून दाखवले.
बाप, बापाचा बाप, आईची आई,
पाच पिढ्या, त्यातले दोघं विलायतेचे.
आमच्यात पणजोबाच्या मागं कोण होतं
कुणाला ठाऊक नाही.

जन्म एप्रिलचा. पण वय धरायचं एक जानेवारीपासून,
सगळ्या घोड्यांचं एकाच दिवशी.
आमच्या मास्तरांनीही
अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एक जून लिहिला होता.
पण त्या एक जूनवर
माझी हाडं ओली असताना कुणी पैसे लावले नाहीत.
कागदावर दोन वर्षांची झाली
तेव्हा ती वीस महिन्यांची होती.

धावली एकोणीस वेळा. जिंकली दोनदा.
मग फार्मवर : शिंगरू, शिंगरू, शिंगरू.
चौथ्या वर्षापुढं एकच शब्द, रिकामी.
तस्लीम तिथं थांबली.
तिच्या आपाच्या सासरहून फोन आला होता गेल्या रमजानला,
त्यातही हाच शब्द होता.
कागद घडी करून तिनं पिशवीत ठेवले
आणि चहा टाकायला आत गेली.

इराप्पा वाईट नाही.
आल्या आल्या हौसेनं बादलीभर भरडा घातला,
हिचं पोट फुगलं,
तर दोन रात्री तिला घेऊन फिरला तळ्याच्या कडेनं,
बायकोच्या अंगावरची चादर हिच्या पाठीवर टाकून.
पण झूल शिवून झालीय, आरसे लावलेत,
लग्नाच्या तारखा धरल्यात.
"फटाक्याला उभी राहील की ओ?"
मी म्हणालो, आधी लोखंडाला तर उभी राहू दे.

मंगळवारी तिला लोखंडी नाल मारली.
शेवटचा खिळा वळवला, पाय खाली ठेवला,
आणि समोरच्या मोबाईलवाल्यानं
शटर वर ढकललं. खाड्.

गेली.
दावं माझ्या तळव्याची साल घेऊन गेलं.
होटगी रोड सकाळी नऊचा : शाळेच्या रिक्षा,
भाजीची गाडी, एक सिटी बस वाकडी होऊन थांबलेली.
कुणाला शिवली नाही ती. कडेकडेनं,
मान लांब करून, डांबरावर ठिणग्या उडवत,
जणू डाव्या बाजूला कठडा आहे
आणि कठड्यामागं माणसं उभी आहेत ओरडत.

भाच्याच्या गाडीवर मागं बसून मी निघालो.
वाटलं, आता पुलाखालीच सापडणार.
ती तर चादरीच्या दुकानापुढं आपण होऊन थांबलेली.
भाच्यानं सवयीनं मीटर बघितला :
एक पॉइंट दोन.

बरगड्या भात्यासारख्या, लोखंड ऊन झालेलं.
पोरं मोबाईल काढून उभी.
ती कुणाकडं बघत नव्हती,
जरा आडवी होऊन पोट पुढं करत होती,
कुणीतरी येऊन तंग सैल करील म्हणून.

तंग नव्हताच.
मी तिच्या पोटाखाली हात घातला,
नसलेला बक्कल शोधला,
एक भोक सोडलं, मग दुसरं.
तेव्हा कुठं तिनं श्वास टाकला,
माझ्या खांद्यावर, ओला.