दोर बांधण्यापुरतं

पहिल्या वर्षी त्यांनी जमीन मागितलीच नाही.
नायजर जिथे फुटून फुटून समुद्राला मिळते
तिथे डोलकाठ्या उतरवलेल्या गलबतावर
झावळ्यांचं छप्पर घालून राहिले,
तापाने फणफणत.
आम्हाला कीवच आली.

पुढच्या वर्षी म्हणाले,
काठावर एक खुंट हवा, दोर बांधण्यापुरता.
गावप्रमुख ओरुवारी हसले :
खुंटाला किती लागते, टाचेएवढी जागा.
बदल्यात एक लाल छत्री आली
आणि जिनच्या सोळा पेट्या,
त्यातल्या तीन पाण्याच्या.

मी तेव्हा आईबरोबर तेल काढायचे.
पामची फळं उकडायची, उखळात कांडायची,
कोपरापर्यंत हात शेंदरी.
एका पिंपाला कापडाचे दोन तागे, हा भाव.
भाव त्यांनी कधी मोडला नाही, खोटं कशाला बोलू.
वाढलं ते पिंप.

आधी ते आईच्या कमरेला लागायचं,
मग बरगड्यांना,
मी न्हाती झाले त्या साली हनुवटीला.
"या फळ्या अजून झाडावरच आहेत वाटतं," ती म्हणाली,
"वाढतायत."
बायका हसल्या.
त्यांचा कारकून थॉर्नडाइकही हसला,
त्याला आमची भाषा येत नव्हती.

खुंट कुजू नये म्हणून वर छप्पर,
छपराखाली माल, म्हणून भिंत,
भिंतीवर झेंडा,
झेंडा लांबून दिसावा म्हणून
आमचे सतरा पाम तोडले.

मग कागद आला, हातभर लांब.
दुभाष्याने तो एका शब्दात सांगितला : मैत्री.
ओरुवारींनी फुली मारली.
लेखणी उलटी धरली होती,
कुणीतरी ती हळूच सुलटी करून दिली.

आता नदीवर कंपनीचा परवाना लागतो.
माझा भाऊ तारिला दोन हंडे तेल घेऊन
वरच्या गावाला निघाला होता, रात्रीचा,
आजोबा जायचे त्याच वाटेने.
पकडला.
चोरटा व्यापार, म्हणाले.
होडी फोडली, तेल पाण्यावर पसरलं,
सकाळपर्यंत खाडी चकाकत होती.

काल मी त्या खुंटाशी गेले.
अंधारात टाच टेकवून पाहिली.
बरोबर मावली.
एवढीच दिली होती.

"कोण आहे तिकडे?"
पहारेकरी ओरडला,
आमच्याच भाषेत.